नानांची गांडुळं

लग्नाकार्यात नवी ओळख झाली की बायका माझा हात हातात घेतात, आणि मी काय काम करते हे कळलं की हळूच सोडतात. मला आता त्याचं काही वाटत नाही. बेलापुरात मला नावानं ओळखणारी माणसं थोडी. पण 'गांडूळवाल्या ताई' म्हटलं की स्टँडवरचा रिक्षावाला थेट दारात आणून सोडतो. आमच्या ह्यांना सुरुवातीला ते फार लागायचं. गांडूळवाल्या ताईंचे मिस्टर ही ओळख कुणाला आवडेल? आता तेच फोन उचलतात आणि म्हणतात, "बोला, गांडूळखत."

काम तसं साधं आहे. शेतकरी जे बांधावर टाकतात किंवा पेटवून देतात ते आम्ही उचलतो. उसाचं पाचट, सोयाबीनचा भुसा, गव्हाचं काड, बाजार उठल्यावर मागं राहिलेला पाला. ते शेणकाल्यात भिजवून सावलीत कुजत ठेवायचं. कुजताना ढीग इतका तापतो की आत हात ठेववत नाही. ती सगळी ऊब निघून गेली की मग ते बेडमध्ये भरायचं. बेड म्हणजे जाड ताडपत्रीचा लांबट हौद, वर सावलीला छप्पर. त्यात गांडुळं सोडायची, वरून ओलं गोणपाट पांघरायचं आणि रोज झारीनं पाणी शिंपडायचं. बाकी सगळं ती करतात. दीड-दोन महिन्यांत त्या कचऱ्याचं चहाच्या पावडरीसारखं काळं, रवाळ खत होतं. शेणाचा वास येत असेल तर समजायचं, अजून झालेलं नाही.

आपल्या शेतात पावसाळ्यात वर येतात ती लांबलचक गांडुळं ही नव्हेत. ती माती खातात आणि खोल जातात. आमची तांबडी, बोटाएवढी, वरच्या थरात राहणारी आणि सारखी खाणारी. त्यांचे हाल करायला फार काही लागत नाही. ऊन लागलं, पाणी तुंबलं, मुंग्या लागल्या किंवा कोंबडी सुटली की संपलं. एक बाई माझ्याकडून तीनदा गांडुळं घेऊन गेल्या आणि तिन्ही वेळा "मेली हो" म्हणत परत आल्या. शेवटी मी त्यांच्या घरी जाऊन बघितलं. बेड अगदी नीट होता आणि त्याच्या कडेवर एक चमकदार पिसांची, चांगली जाडजूड कोंबडी बसली होती. राहुरीकडचे एक गृहस्थ किलोभर गांडुळं घेऊन आमच्याच ओट्यावर पेपर पसरून बसले आणि मोजायला लागले. जेवणाची वेळ झाली तरी त्यांचं मोजणं चालू होतं, कारण मोजलेली गांडुळं पुन्हा न मोजलेल्यांत जात होती. शेवटी ह्यांनी त्यांना आमच्यातच जेवायला बसवलं.

अशी गिऱ्हाइकं पुष्कळ. पण या कामानं मला काय दिलं असं कुणी विचारलं, तर मला नाना आणि हिराकाकू आठवतात.

हिराकाकू पहिल्यांदा आल्या त्या खतासाठी नव्हे. गावाबाहेर कॅनॉलच्या कडेला त्यांची वस्ती. आमच्या शेडवर दोघी-तिघी बाया बेड हातानं मोकळा करत होत्या. वरचा थर दबून घट्ट झाला की तो बोटांनी हलकेच उकरावा लागतो, म्हणजे आत हवा खेळते. काकू पदर डोक्यावर घेऊन बराच वेळ त्या बायांच्या हातांकडे बघत उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "ताई, येका हातानं व्हईल का हे?"

मी म्हटलं, "होईल की. का?"

"आमच्या मालकास्नी लकवा मारला. उजवी बाजू गेली. डावा हात हाय, पन तेबी हलवत न्हाईत. डाक्टरनं रबरी चेंडू दिला दाबायला. त्यो त्यांनी रस्त्यावर फेकला."

नाना बैलांचे व्यापारी होते. काष्टी, घोडेगाव, लोणी, कुठलाही बाजार असो, नाना तिथे असायचे. आठवड्यातले निम्मे दिवस घराबाहेर, आणि आवाज असा की बाजाराच्या या टोकाला बोलले तर त्या टोकाचा बैल कान टवकारायचा. मी त्यांना लांबून ओळखत होते. त्या माणसाची वाचा गेली होती, आणि जाताना फक्त एक शब्द मागं राहिला होता. 'न्हाई'.

जेवता का? न्हाई. आणि ताट पुढं ओढायचे. झोपता का? न्हाई. आणि आडवे व्हायचे. डॉक्टर म्हणाले होते की त्यांना सगळं कळतं, मनात शब्दही असतात, पण तोंडातून तेवढाच एक निघतो. त्यांना स्वतःला ते कळायचं, म्हणून संताप यायचा. पुढं पुढं ते बोलायचेच नाहीत. ओट्यावर खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे.

मी त्यांच्या पडवीच्या सावलीत एक लहानसा बेड घातला, मुद्दाम खाटेला लागून, अगदी हात खाली सोडला तरी पोहोचेल असा. मी काम करत होते तोवर नानांनी एकदाही मान वळवली नाही. जाताना मी म्हटलं, "नाना, येते." भिंतीकडूनच उत्तर आलं, "न्हाई."

पहिले काही आठवडे सगळं काकूच करत होत्या. मी अधूनमधून चक्कर मारायचे. काकू पाणी शिंपडताना गांडुळांशी बोलायच्या. "खा बाबांनो. तुमी तरी पोटभर खा." हे नानांना ऐकवण्यासाठी आहे हे मला कळायचं, नानांनाही कळत असणार.

मग एक दिवस मी गेले तर काकू दारातच उभ्या. ओठांवर बोट ठेवून त्यांनी मला थांबवलं. नाना कुशीवर वळले होते. डावा हात गोणपाटाच्या खाली होता. मनगटापर्यंत आत. हात हलत नव्हता, नुसता होता. डोळे मिटलेले, पण झोपले नव्हते.

"सकाळधरनं तसंच हाय," काकू कुजबुजल्या. "मी च्या बी इचारला न्हाई."

त्या दिवसापासून बेड नानांचा झाला. गोणपाट उचलायचं, वरचा थर मोकळा करायचा, झारी काकूंनी भरून द्यायची आणि पाणी नानांनी घालायचं. ओल किती हवी हे मी त्यांना शिकवलं. मुठीत घेऊन दाबायचं, हात ओला झाला पाहिजे पण धार लागता कामा नये. नाना डाव्या मुठीत दाबून मला दाखवायचे आणि भुवया उंचावायचे. मी "बरोबर" म्हटलं की त्यांचा "न्हाई" वेगळा यायचा, जरा लांबवलेला, मिशीतल्या मिशीत हसल्यासारखा. हळूहळू मला त्यांचे निरनिराळे 'न्हाई' ओळखू यायला लागले. काकूंना तर ते कधीचेच येत होते. आखूड म्हणजे हो. दोनदा पाठोपाठ म्हणजे पाणी द्या. मान खाली घालून म्हटला की तो खरा नकार.

काकूंनी मला एकदा भाकरी थापता थापता सांगितलं, "ताई, लगीन झाल्यापून ह्यांच्यासंगं बसून काम केलंच न्हाई मी. ह्ये बाजारात, मी रानात. आता सकाळी दोघंबी हितं बसतो. मी पाला बारीक करून देती, ह्ये टाकत्यात. लकवा बरा, असं कसं म्हनावं. पन बसतो."

बेड एकाचे दोन, दोनाचे तीन झाले. पुण्याचा मुलगा संदीप यायचा तेव्हा वडलांना बेडशेजारी बसलेलं बघून जरा बावरायचा. त्याची बायको मेघना पडवीत पाऊल टाकायची नाही. तिला किळस यायची, आणि ती ते लपवायचीही नाही. मला तिचा राग आला नाही. माझीही सुरुवात तशीच होती, मी पहिले कित्येक दिवस हातमोजे घातले होते.

नंतरच्या उन्हाळ्यात काकूंना भावाकडे मिरजगावला जावं लागलं. भाचीची सुपारी होती, सकाळी जाऊन संध्याकाळी परत यायचं. नानांच्या दुपारच्या जेवणाची सोय शेजारच्या वस्तीवरच्या पुतण्याकडे, अशोककडे लावली होती. अशोक मनानं सोन्यासारखा पोरगा. काकू गेल्या त्या सकाळी तो नानांना चहा देऊन गेला. जाता जाता त्याला वाटलं, काकू नाहीत तर आपणच बेडांना थोडं खाद्य घालावं. गोठ्यातलं ताजं शेण ट्रॉलीत भरलेलंच होतं. त्यानं घमेल्यावर घमेली आणून तिन्ही बेडांवर ओतली.

नाना "न्हाई, न्हाई, न्हाई" म्हणत राहिले. अशोक हसून म्हणाला, "राहू द्या नाना, मला काय तरास न्हाई." आणि कामाला निघून गेला.

शेतातल्या माणसाला शेण म्हणजे शेणच. ताजं शेण बेडवर जाड थरानं पडलं की ते कुजायला लागतं, आणि कुजायला लागलं की तापतं. त्यात मे महिन्याचं ऊन. आतलं गांडूळ अक्षरशः शिजतं.

दुपारी, अशोक जेवण घेऊन यायच्या आधीच, माझा फोन वाजला. नानांच्या मोबाईलवर काकूंनी माझा फोटो लावून ठेवला होता, त्यावर अंगठा ठेवला की मला लागायचा. तोवर नानांनी मला कधीच फोन केला नव्हता.

"हॅलो, नाना?"

"न्हाई."

"काकू आल्या नाहीत का अजून?"

"न्हाई."

"तुम्ही पडलात का? कुठं लागलं का?"

"न्हाई. न्हाई."

मला काही उमगेना. आवाज घोगरा होता, आणि मागं काहीतरी पत्र्यावर आपटल्याचा आवाज येत होता. मी म्हटलं, "नाना, मी एक एक नाव घेते, तुम्ही फक्त ऐका. अशोक?" "न्हाई." "जेवण?" "न्हाई." सगळे सारखेच, कोरडे. मग मी म्हटलं, "गांडुळं?"

तिकडून शब्दच आला नाही. नाना रडत होते.

मी स्कूटीवर दोन ओली पोती टाकली, जुन्या खताची एक गोणी पुढं घेतली आणि निघाले. वस्तीवर पोहोचले तेव्हा नाना खाटेवर नव्हते. ते घसरत घसरत खाली उतरून बेडला टेकून बसले होते. बेडच्या कडेवर, ताडपत्रीवर, भिंतीवर जिकडे तिकडे गांडुळं चढली होती. आत राहवेना म्हणून बाहेर पडलेली, आणि बाहेर ऊन. नाना डाव्या हातानं एक एक गांडूळ उचलत होते आणि मांडीवर ठेवत होते. डोक्याचा पटका सोडून त्यांनी तो तांब्यातल्या पाण्यात भिजवला होता आणि मांडीवर पसरला होता. त्यात गांडुळांचा एक तांबडा गोळा वळवळत होता. पिण्याचा तांब्या रिकामा पडला होता. तेवढ्या वेळात त्यांनी स्वतः पाणी प्यायलं नव्हतं.

मी आधी त्यांना पाणी दिलं. त्यांनी तांब्या माझ्या हातातून घेतला आणि निम्मा पटक्यावर ओतला, मगच तोंडाला लावला.

मग मी वरचं शेण खाली ओढायला लागले. आतून वाफ येत होती. मधला भाग गेला होता, त्याचा वास मी इथं लिहीत नाही. कडेला आणि तळाशी मात्र जीव होता. अशोकला फोन केला, तो पळतच आला. पडवीतलं चित्र बघून तो तिथंच उभा राहिला. मी त्याच्या हातात घमेलं दिलं. आम्ही दोघांनी तिन्ही बेड उकरून सावलीत पातळ पसरले, जुनं खत मिसळलं, ओली पोती घातली. नाना मांडीवरचा पटका धरून बसले होते. शेवटी तो मी त्यांच्या हातातून घ्यायला गेले तर देईनात. मग अशोकनं त्यांना दोन्ही काखांत धरून बेडपर्यंत सरकवलं, आणि नानांनी स्वतःच तो पटका बेडमध्ये उलटा केला.

काकू दिवेलागणीला आल्या. अंगावर नवी साडी, हातात सुपारीच्या पेढ्यांचा पुडा. मी सगळं सांगितलं. काकूंनी अशोककडे बघितलं, मग नानांकडे.

"तुमी न्हाई म्हनला न्हवता का त्याला?"

"न्हाई," नाना म्हणाले.

अशोक खाली मान घालून बोलला, "म्हनले हुते काकू. लई येळा म्हनले. मीच ऐकलं न्हाई."

काकूंनी नानांचं तोंड नव्या साडीच्या पदरानं पुसलं, आणि पेढा आधी अशोकच्या हातावर ठेवला, मग नानांच्या.

त्यानंतर एक बदल झाला, आणि तो अशोकपासून सुरू झाला. नाना 'न्हाई' म्हणाले की तो थांबायचा, समोर उकिडवा बसायचा आणि विचारायचा, "नाना, ह्यो खरा न्हाई का दुसरा?" आणि नानांच्या तोंडाकडे बघत राहायचा. त्याचं बघून दूध घालायला येणारा, किराणावाला, अगदी संदीपसुद्धा तसं विचारायला लागला. नाना पुन्हा बोलते झाले. शब्द तोच होता, पण ऐकणारं माणूस पुढ्यात बसत होतं. बेड भरून यायला पावसाळा गेला. जी वाचली त्यांचीच पिल्लावळ वाढली. त्या दिवाळीत नानांच्या बेडचं खत अशोकनं स्वतःच्या कांद्याच्या रोपांना घातलं, आणि कांदा कसा आलाय हे दाखवायला त्यांना खांद्यावर टाकून बांधापर्यंत घेऊन गेला.

नानांना मी शेवटचं भेटले ते थंडीच्या दिवसांत. ते बेडपाशी बसले होते. मी शेजारी बसून गोणपाट उचललं आणि आत हात घातला. त्यांचा हात आतच होता. त्यांनी गोणपाट पुन्हा वर ओढून घेतलं आणि खाली माझी बोटं धरली. दोन बोटं दाबली, मग तिसरं, मग मूठ वळली आणि सोडली. बैलबाजारात व्यापारी रुमालाखाली हात घालून असाच सौदा करतात. बाहेर कुणाला ऐकू जात नाही, सगळं बोटांवर चालतं. नाना मला त्या भाषेत काहीतरी सांगत होते. वर तोंडानं म्हणाले, "न्हाई." असा 'न्हाई' मी त्यांच्याकडून आधी ऐकला नव्हता. मी ओळखायचा प्रयत्न केला, जमलं नाही. हसून म्हटलं, "पुढच्या खेपेला समजावून सांगा."

पुढची खेप आली नाही. नाना झोपेतच गेले.

दहाव्याला मी काकूंना हे सांगितलं, माझ्या हातावर दाबून दाखवलं. काकूंनी पुन्हा पुन्हा करायला लावलं. मग म्हणाल्या, "मला तरी कुठं कळतंय. ती बोली त्यांनी बाईमानसाला कवाच शिकवली न्हाई." गावात जुने व्यापारी आहेत. विचारलं तर सांगतील. पण मी अजून विचारलेलं नाही. बोटं नेमकी कुठली दाबली याची मला आता खात्री नाही, आणि चुकीचं उत्तर मला नको आहे.

संदीप काकूंना पुण्याला न्यायचं म्हणत होता. काकू नको म्हणत होत्या, पण गुडघ्यांनी साथ सोडली तेव्हा त्यांचं काही चाललं नाही. दोन बेड अशोकनं त्याच्या गोठ्याशेजारी हलवले. तिसऱ्यातली थोडी गांडुळं काकूंना बरोबर हवी होती. संदीपनं बायकोकडे बघितलं. मेघना म्हणाली, "बाल्कनीत ठेवा. पण मला हात लावायला सांगू नका." मी एका झाकणाच्या प्लॅस्टिकच्या क्रेटला भोकं पाडून त्यात सगळं भरून दिलं, आणि काय घालायचं, काय नाही ते काकूंना सांगितलं. लिंबू नको, मिरची नको, कांद्याची सालं नकोत. काकू गाडीत तो क्रेट पायापाशी घेऊन बसल्या.

सुरुवातीला काकूंचा फोन यायचा. फ्लॅटमध्ये कुणाशी बोलावं हा प्रश्न आहे, सगळे कामावर, म्हणून बाल्कनीत बसते, म्हणायच्या. मग त्यांचा ताप, दवाखाना असं काहीतरी झालं आणि फोन थांबले. मी एकदोनदा लावला, उचलला नाही. मनात यायचं ते यायचंच.

परवा मेघनाचा फोन आला. नाव बघून मी हातातलं काम टाकलं.

"ताई, चहाचा चोथा चालतो ना हो? धुऊन घातलेला?"

मी विचारलं, काकू कशा आहेत.

"बऱ्या आहेत आता. अशक्तपणा आहे, आत्ता डोळा लागलाय, म्हणून उठवलं नाही. दोन आठवडे मीच घालतेय. वरचं फडकं सारखं वाळतं इथं, मी दोन वेळा ओलं करते. जास्त होत नाही ना?"

"नाही. चांगलं करतेयस."

ती आवाज खाली आणून म्हणाली, "आणखी एक विचारायचं होतं. आई त्यांच्याशी बोलतात. तसं बोलायचं असतं का? म्हणजे त्याचा काही उपयोग असतो का?"

गांडुळांना कान नसतात हे मी इतकी वर्षं शेड बघायला येणाऱ्या शाळेतल्या मुलांना सांगत आले आहे. मी म्हटलं, "वाटलं तर बोल. नाहीतर नुसतं पाणी शिंपडलंस तरी चालेल."

"बरं," ती म्हणाली. फोन तिनं बहुधा कठड्यावर ठेवला, बंद करायला विसरली. मला झारीतून पाणी पडल्याचा आवाज येत राहिला, आणि थोड्या वेळानं मेघनाचा, अगदी हळू, कुणी ऐकू नये असा. "खा," ती म्हणत होती. "खाऊन घ्या."

मी फोन ठेवला.